साखर नाकारणारे केलॉग

शहरांतील मोठ्या किराणा दुकानांत न्याहारीच्या तयार पदार्थांसाठी आता स्वतंत्र रांग असते. कॉर्नफ्लेक्स, म्युसली, ग्रॅनोला आणि त्यांच्या शेजारी चकचकीत वेष्टनातले ग्रॅनोला बार. ऑफिसच्या बॅगेत, मुलांच्या डब्यात आणि जिमच्या वाटेवर या बारनी आपली जागा पक्की केली आहे. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस ओटची कणसे, बदाम आणि पौष्टिकतेची ग्वाही असते. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. या दोन बाजूंमधील अंतराची कथा सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका लहानशा शहरात सुरू झाली. तिच्या केंद्रस्थानी आहेत डॉ. जॉन हार्वे केलॉग. त्यांचे आडनाव जगभरच्या न्याहारीच्या टेबलावर पोहोचले. मात्र ज्या साखरेला त्यांचा कडवा विरोध होता, ती साखरही त्याच आडनावाचा हात धरून तेथे पोहोचली.

केलॉग यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८५२ रोजी मिशिगन राज्यातील टायरोन येथे झाला. ते चार वर्षांचे असताना कुटुंब बॅटल क्रीक येथे स्थायिक झाले. वडील जॉन प्रेस्टन यांचा केरसुण्या तयार करण्याचा कारखाना होता. कुटुंब सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे निष्ठावान अनुयायी होते. ख्रिस्ताचे पुनरागमन आता लवकरच होणार, अशी या पंथीयांची श्रद्धा होती. जगाचा शेवटच जवळ आला असताना मुलांच्या शालेय शिक्षणाची फारशी आवश्यकता नाही, असे आईवडिलांना वाटे. त्यामुळे लहानग्या जॉनची शाळा लवकर सुटली आणि तो वडिलांच्या कारखान्यात केरसुण्या निवडण्याचे काम करू लागला.

शाळा सुटली तरी वाचन सुटले नाही. वयाच्या बाराव्या वर्षी जॉनला पंथाच्या छापखान्यात काम मिळाले. पंथाच्या धुरीण एलेन व्हाइट आणि त्यांचे पती जेम्स यांची या बुद्धिमान मुलावर मर्जी बसली. खिळे जुळवता जुळवता आणि मुद्रिते तपासता तपासता आरोग्यसुधारणेवरील लेखन त्याच्या नजरेखालून जाऊ लागले. मांस, मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य करावी. धान्य, फळे, स्वच्छ हवा आणि पाणी यांवर भर द्यावा, ही शिकवण त्याने तेव्हाच आत्मसात केली. सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम या आधीच्या पिढीतील प्रचारकाने कोंड्यासहित दळलेल्या गव्हाच्या पिठाचा पुरस्कार केला होता. त्याच्या विचारांचाही जॉनवर खोल परिणाम झाला.

त्या काळच्या अमेरिकी न्याहारीत खारवलेले डुकराचे मांस, चरबीत तळलेले बटाटे आणि कॉफी यांची रेलचेल असे. अपचनाची तक्रार घरोघरी होती. पर्यायी न्याहारी म्हणजे धान्याची लापशी. पण ती शिजवण्यासाठी दीर्घकाळ चुलीपाशी उभे राहावे लागे. ही अडचण केलॉग यांनी विद्यार्थिदशेत स्वतः अनुभवली. व्हाइट दांपत्याच्या पाठिंब्याने ते वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर पडले आणि १८७५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटल मेडिकल कॉलेजातून त्यांनी पदवी मिळवली. न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोलीत स्वयंपाकाची सोय नव्हती. सात ग्रॅहॅम बिस्किटे आणि दोन सफरचंदे, अशी त्यांची न्याहारी असे. धान्य आधीच शिजवून, वाळवून, थेट खाता येईल अशा रूपात विकले तर किती जणांची सोय होईल, हा विचार त्यांच्या मनात येथेच रुजला.

पदवी घेऊन परतलेल्या केलॉग यांच्याकडे १८७६ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, पंथाने बॅटल क्रीकमधील आपल्या आरोग्यसंस्थेची सूत्रे सोपवली. १८६६ मध्ये सुरू झालेली ही संस्था तेव्हा लहानशी होती. केलॉग यांनी तिचे रूपांतर बॅटल क्रीक सॅनिटेरियममध्ये केले. रुग्णालय, विश्रामधाम, व्यायामशाळा आणि उपाहारगृह यांचा तो संगम होता. जलोपचार, विजेच्या दिव्यांचे स्नान, मोकळ्या हवेतील व्यायाम आणि शाकाहार यांसाठी देशभरातून लोक तेथे येऊ लागले. थॉमस एडिसन, हेन्री फोर्ड आणि राष्ट्राध्यक्षपद भूषवणारे विल्यम टाफ्ट यांच्यासारख्या बड्या व्यक्तींनी सॅनिटेरियमचा पाहुणचार घेतला. केलॉग स्वतः कुशल शल्यविशारद होते आणि त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या.

१८७९ मध्ये एला ईटन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना स्वतःचे अपत्य झाले नाही. परंतु या दांपत्याने ४२ मुलांचा सांभाळ केला आणि त्यांपैकी काहींना रीतसर दत्तक घेतले. सॅनिटेरियमच्या स्वयंपाकघरातील एला यांचे कर्तृत्व बहुधा झाकलेलेच राहिले. मांस, मसाले आणि साखर यांवाचून केलेले जेवण रुग्णांना नकोसे वाटू नये, ही जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यासाठी त्यांनी प्रयोगशील स्वयंपाकघर चालवले, आहारशास्त्राचे वर्ग घेतले आणि १८९२ मध्ये सायन्स इन द किचन हा जाडजूड ग्रंथ लिहिला.

आजच्या ग्रॅनोला बारचे मूळ याच स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोहोचते. न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये ग्रॅहॅम पिठाच्या भाजलेल्या पोळ्यांचा चुरा करून ग्रॅन्युला हा पदार्थ तयार केला होता. तो इतका कडक असे की रात्रभर भिजवल्याखेरीज खाता येत नसे. केलॉग यांनी गहू, ओट आणि मका यांची पिठे एकत्र करून त्यांची बिस्किटे दोनदा भाजली आणि त्यांचा भरडा केला. दीर्घकाळ भाजल्याने पिष्टाचे अंशतः विघटन होते आणि पचनाचे काम हलके होते, अशी त्यांची धारणा होती. या पदार्थालाही त्यांनी ग्रॅन्युला हेच नाव दिले. जॅक्सन यांनी कायदेशीर हरकत घेतल्यावर १८८१ मध्ये त्याचे नाव ग्रॅनोला झाले. तीन धान्ये आणि भट्टीची आच, एवढाच त्या मूळ ग्रॅनोलाचा ऐवज होता. त्यात साखर नव्हती, मध नव्हता आणि तेलही नव्हते.

असे कडक पदार्थ सर्वांना मानवत नव्हते. दोनदा भाजलेला टोस्ट खाताना एका वृद्ध महिलेची कवळी तुटली आणि तिने दहा डॉलरची भरपाई मागितली, अशी हकिगत केलॉग स्वतः सांगत. अधिक मऊ पदार्थाच्या शोधात १८९४ मध्ये शिजवलेल्या गव्हाचा एक घाणा कामाच्या धांदलीत तसाच पडून राहिला. तो रुळांमधून काढल्यावर एकसंध पापुद्रा न निघता प्रत्येक दाण्याचा स्वतंत्र पातळ पापुद्रा झाला. भाजल्यावर तो कुरकुरीत झाला. ओलावा दाण्यात सर्वत्र सारखा पसरू देण्यासाठी शिजवलेले धान्य काही काळ मुरू द्यायचे, हे या पद्धतीचे मर्म होते. या शोधाच्या श्रेयावर जॉन, त्यांचे धाकटे बंधू विल आणि एला या तिघांच्याही बाजूने हक्क सांगण्यात आला. पेटंट मात्र जॉन यांच्या नावे १८९६ मध्ये मंजूर झाले. गव्हाच्या या पोह्यांपाठोपाठ मक्याचेही पोहे तयार झाले. शेंगदाण्यासारख्या कवचबीजांपासून लोणी करण्याच्या प्रक्रियेसाठीही केलॉग यांनी १८९५ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता.

या शोधांचा व्यापारी लाभ प्रथम दुसऱ्यांनीच उठवला. सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचे एक गृहस्थ १८९१ मध्ये रुग्ण म्हणून सॅनिटेरियममध्ये आले होते. त्यांनी १८९५ मध्ये कॉफीला पर्याय म्हणून धान्याचे पेय आणि १८९७ मध्ये ग्रेप-नट्स हा न्याहारीचा पदार्थ बाजारात आणला. जाहिरातीच्या बळावर ते पाहता पाहता कोट्यधीश झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बॅटल क्रीकमध्ये न्याहारीचे पदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांची झुंबड उडाली. डॉ. केलॉग यांना याची खंत नव्हती असे नाही; परंतु आपण व्यापारी नसून वैद्य आहोत, ही त्यांची भूमिका होती. बाजारी प्रसिद्धीमुळे आपल्या वैद्यकीय प्रतिष्ठेला बाध येईल, अशी भीती त्यांना वाटे.

विल कीथ केलॉग यांना मात्र ही भूमिका मान्य नव्हती. १८६० मध्ये जन्मलेले विल सुमारे पंचवीस वर्षे थोरल्या भावाच्या हाताखाली राबत होते. हिशेब, पत्रव्यवहार, खरेदी, तक्रारी, सारे काही त्यांच्याकडे होते; मान आणि मोबदला मात्र तुटपुंजा होता. डॉक्टर सायकलवरून आवारात फेऱ्या मारीत आणि विल शेजारून धावत त्यांची टिपणे उतरवून घेत, असे सांगितले जाते. हा अबोल, काटेकोर धाकटा भाऊ मक्याच्या पोह्यांकडे रुग्णांचे पथ्य म्हणून पाहत नव्हता. निरोगी माणसाची चविष्ट न्याहारी म्हणून त्याला ते घरोघरी पोहोचवायचे होते. त्यासाठी त्यात माल्ट, मीठ आणि साखर हवी, असा त्याचा आग्रह होता.

येथेच दोन भावांमध्ये कायमची फूट पडली. वरवर पाहता वाद चमचाभर साखरेचा होता. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र तो तत्त्वाचा प्रश्न होता. धान्य सावकाश चावून खाल्ले तर त्याची स्वतःची गोडी जिभेला कळते. वरून साखर घातली की ती गोडी हरपते आणि भूक नसतानाही खाण्याची इच्छा होते, अशी त्यांची विचारसरणी होती. विल यांच्या दृष्टीने, लोक जे आवडीने खाणारच नाहीत ते कितीही हितकर असले तरी निरुपयोगी होते. १९ फेब्रुवारी १९०६ रोजी विल यांनी बॅटल क्रीक टोस्टेड कॉर्न फ्लेक कंपनी स्थापन केली. खोक्यावर त्यांची स्वाक्षरी झळकू लागली आणि साखरमिश्रित कॉर्नफ्लेक्स अमेरिकेच्या कानाकोपऱ्यात पोहोचले.

आता डॉक्टरांना आपल्या आडनावाची काळजी वाटू लागली. १९०८ मध्ये त्यांनी स्वतःच्या खाद्यपदार्थ कंपनीला केलॉग हे नाव दिले. परिणामी केलॉग हे नाव बाजारात कोणी वापरावे, या प्रश्नावर सख्खे भाऊ न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. तडजोडी झाल्या आणि मोडल्या. अखेर १९२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने विल यांच्या बाजूने कौल दिला. ज्या नावाला जॉन यांनी वैद्यकीय कर्तृत्वाने कीर्ती मिळवून दिली होती, ते बाजारात साखर घालणाऱ्या भावाचे झाले.

घराबाहेरही डॉक्टरांचे दिवस फिरले होते. १८ फेब्रुवारी १९०२ रोजी सॅनिटेरियमची मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. पुढच्याच वर्षी अधिक भव्य वास्तू उभी राहिली. परंतु पंथाच्या नेत्यांशी त्यांचे मतभेद विकोपाला गेले. त्यांच्या द लिव्हिंग टेम्पल या ग्रंथातील ईश्वरविषयक विचार पंथाला पाखंडी वाटले आणि १९०७ मध्ये त्यांना पंथातून काढून टाकण्यात आले. ज्या व्हाइट दांपत्याने त्यांना घडवले, त्यांच्याच पंथाचे दरवाजे असे बंद झाले.

केलॉग यांचे चरित्र केवळ द्रष्ट्या आहारतज्ज्ञाचे चरित्र म्हणून सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आतडी स्वच्छ ठेवण्याचा त्यांचा ध्यास बस्तीच्या अतिरेकापर्यंत गेला. लैंगिकतेविषयीची त्यांची मते अत्यंत कठोर होती आणि मुलांच्या बाबतीत त्यांनी सुचवलेले उपाय क्रूर होते. सर्वांत गंभीर बाब म्हणजे वंशशुद्धीच्या नावाखाली चाललेल्या युजेनिक्स चळवळीचे ते खंदे पुरस्कर्ते होते. त्यासाठी त्यांनी रेस बेटरमेंट फाउंडेशन ही संस्था काढली आणि १९१४ मध्ये बॅटल क्रीक येथे पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. त्याच माणसाने विविध वंशांच्या अनाथ मुलांना आपल्या घरात वाढवले होते, ही विसंगती त्यांच्या चरित्रात शेवटपर्यंत कायम राहिली.

त्याच वेळी, आहाराविषयी त्यांनी सांगितलेल्या अनेक गोष्टी पुढे शास्त्राच्या कसोटीला उतरल्या, हेही खरे. चोथायुक्त अन्न, अखंड धान्ये, कवचफळे आणि फळे यांचे महत्त्व आज निर्विवाद आहे. आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंकडे त्यांनी फार पूर्वी लक्ष वेधले होते. तंबाखूविरुद्ध त्यांनी १९२२ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा डॉक्टरही सर्रास धूम्रपान करीत असत. साखरेबाबतचा त्यांचा इशाराही कालबाह्य झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त शर्करेचा वाटा दैनंदिन ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावा. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढासाठी ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम होते. ती निम्म्यावर आणणे अधिक हितकर, असेही संघटना सुचवते. या मर्यादेत मध, पाक आणि फळांचे रसही मोजले जातात.

उत्तरायुष्यात केलॉग डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात वावरत. १९२८ मध्ये सॅनिटेरियमला टोलेजंग नवी इमारत जोडण्यात आली. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, श्रीमंत पाहुणे येईनासे झाले आणि १९३३ मध्ये संस्था कर्जापायी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराने इमारत विकत घेऊन तेथे रुग्णालय थाटले. १४ डिसेंबर १९४३ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी बॅटल क्रीकमध्येच डॉ. केलॉग यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी काही महिने त्यांनी विल यांना दीर्घ पत्र लिहून आपल्या वागणुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती. मात्र ते पत्र डॉक्टरांना कमीपणा आणणारे आहे असे वाटून त्यांच्या सचिवाने ते धाडलेच नाही. विल यांच्या हाती ते पडले तेव्हा थोरला भाऊ हयात नव्हता. १९३० मध्ये आपल्या संपत्तीतून मोठी धर्मादाय संस्था उभारणारे विल १९५१ मध्ये निवर्तले. त्यांचेही वय तेव्हा ९१ होते.

ग्रॅनोला हा शब्द त्यानंतर काही काळ विस्मृतीत गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नैसर्गिक आहाराकडे वळलेल्या अमेरिकी तरुणाईने तो पुन्हा उचलला. मात्र आता त्याचा अर्थ तेल आणि मध लावून भाजलेले ओट असा झाला होता. १९७५ मध्ये जनरल मिल्सने नेचर व्हॅली या नावाने ग्रॅनोला बार बाजारात आणला आणि भरडा बारच्या रूपात खिशात मावू लागला. या रूपांतरातच मेख आहे. सुटा भरडा कोरडा राहू शकतो. बारमधील दाणे एकमेकांना चिकटवण्यासाठी काहीतरी चिकट पदार्थ लागतो. चिक्कीला गुळाचा पाक लागतो, तसाच हा प्रकार. कारखान्यात हे काम साखर, ग्लुकोज सिरप किंवा मध यांच्याकडून करून घेणे स्वस्त आणि सोपे पडते. खजुराचा गर किंवा शेंगदाण्याचे लोणी यांनीही ते साधते. परंतु खर्च वाढतो आणि बार तितका कुरकुरीत होत नाही.

म्हणूनच बार निवडताना दर्शनी बाजूपेक्षा मागची यादी अधिक बोलकी ठरते. भारतातील नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ओट, नाचणी, शेंगदाणे, बदाम किंवा खजूर यांनी यादी सुरू होत असेल, तर तो बार डॉक्टरांच्या भरड्याच्या जवळचा. पहिल्या तीन नावांत साखर किंवा सिरप असेल, तर तो मिठाईच्या जवळचा. पुष्कळदा साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, मध आणि माल्टोडेक्स्ट्रिन अशी गोडव्याची व पिष्टाची निरनिराळी रूपे विखरून येतात आणि त्यामुळे एकही यादीच्या शिरोभागी दिसत नाही. त्यांची बेरीज मनातल्या मनात करावी लागते. पोषणतक्त्यातील वरून घातलेल्या साखरेचा आकडा शंभर ग्रॅममागे पाहिला, तर लहान-मोठ्या बारची तुलना सोपी होते. साखरेऐवजी गूळ किंवा मध वापरल्याची जाहिरात असली, तरी शरीराच्या हिशेबात तीही साखरच.

केलॉग हे नाव भारतात आले ते १९९४ मध्ये, महाराष्ट्रातील तळोजा येथे कंपनीने कारखाना काढला तेव्हा. २०२३ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीचे दोन भाग झाले. त्यांपैकी न्याहारीच्या पदार्थांच्या कंपनीने जे नाव धारण केले ते डब्ल्यू. के. केलॉग, म्हणजे धाकट्या भावाचे. थोरल्याचे नाव कोणत्याही प्रसिद्ध खोक्यावर नाही. त्यांच्या साऱ्या आग्रहांचे ओझे वाहण्याची आज कोणाला गरज नाही, आणि त्यांतील काही तर विसरण्याच्याही नव्हे, धिक्कारण्याच्या योग्यतेचे होते. परंतु १८८१ च्या त्या ग्रॅनोलात केवळ तीन धान्ये होती आणि काय खातो आहोत हे खाणाऱ्याला ठाऊक होते. दुकानात हातातला बार उलटून मागची बारीक अक्षरे वाचताना मोजमाप म्हणून तेवढी यादी लक्षात ठेवणे पुरेसे आहे.